भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने काटेकोर गणित किती शिकावे?

अलाहाबाद विद्यापीठातून १९४३ साली एम.एस्सी. झाल्यावर हरिश्चंद्र बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि होमी भाभा यांच्याबरोबर सैद्धांतिक भौतिकशास्त्रात संशोधन करू लागले. १९४५ मध्ये ते केंब्रिजला पॉल डिरॅक यांच्याकडे गेले. लोरेन्ट्झ गटावरील प्रबंध पूर्ण करून १९४७ मध्ये प्रिन्स्टनला पोहोचल्यावर आपल्या युक्तिवादांचा पाया डळमळीत असल्याचे त्यांना जाणवले. फलनांवर क्रिया करणारे कारक त्यांनी वापरले होते. परंतु ते नेमक्या कोणत्या फलनांवर लागू पडतात, हे तपासले नव्हते. डिरॅक यांना सिद्धतेपेक्षा निसर्गाच्या वर्तनात रस होता. हरिश्चंद्र मात्र पुढे पूर्णतः गणिताकडे वळले.

पदवीच्या विद्यार्थ्यापुढे हाच प्रश्न लहान प्रमाणावर उभा राहतो. सत्रातील तास मर्यादित असतात. सिद्धतांना दिलेला वेळ प्रयोगशाळेच्या किंवा उदाहरणे सोडविण्याच्या वेळेतून वजा होतो.

काटेकोरपणा कोठे उपयोगी पडतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पुंज यांत्रिकीत स्थान व संवेग यांच्या कारकांचा गुणाकार क्रम बदलला की बदलतो; दोन गुणाकारांतील फरक म्हणजे एकक कारकाची ठरावीक शून्येतर पट होय. हे कारक सांत आकाराच्या सारण्या मानले, तर त्या फरकाच्या मुख्य कर्णावरील संख्यांची बेरीज शून्य यावयास हवी. एकक सारणीच्या शून्येतर पटीत ती शून्य येत नाही. म्हणून अनंतमितीय अवकाश अपरिहार्य ठरते आणि तेथे सांत सारण्यांचे सर्व नियम जसेच्या तसे चालत नाहीत. हरिश्चंद्रांना जाणवलेली उणीव याच प्रदेशातील होती.

यास्तव रेषीय बीजगणित आणि विश्लेषण हे दोन विषय सर्वांनीच सिद्धतांसह, शक्यतो पहिल्या वर्षी शिकावेत. भारतीय विज्ञान संस्थेने २०११ मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा आरंभीच्या सत्रांत गणित सर्व विद्यार्थ्यांना अनिवार्य ठेवले. पुढील निवड कल पाहून करावी. प्रयोगाकडे ओढा असणाऱ्यास संभाव्यता व संख्याशास्त्र अधिक उपयोगी पडते. मूलकणांच्या सिद्धांताकडे वळणाऱ्यास गटसिद्धांत, तर गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासकास वक्र अवकाशांची भूमिती आवश्यक ठरते.

प्रत्येक प्रमेयाची सिद्धता पाठ असणे गरजेचे नाही. जेथे एखादी अट वगळल्याने भौतिक निष्कर्षच बदलतो, तेथे सिद्धता मुळापासून शिकावी; अन्यत्र प्रमेय व त्याच्या अटी नीट समजून घेऊन पुढे जावे.