नव्या लाकडी बैलाला जुनेपण कसे द्यावे?

प्रश्न : पोळ्याच्या पूजेसाठी हाताने कोरलेला, बिनरंगाचा सागवानी बैल घेतला आहे. तो आजोबांच्या काळातला वाटावा यासाठी काय करावे? – एक वाचक, धुळे

उत्तर : सगळीकडे सारखे काळे पॉलिश मारू नका, त्याने बैल जुना नव्हे, मळका दिसतो. जुनेपण वापरातून येते. पूजेचा बैल पाठीला, वशिंडाला धरून उचलला जातो, म्हणून तिथले लाकूड झिजून चकाकते. कुंकू, तेल आणि धूळ मात्र मानेच्या वळ्यांत, कानांमागे साठून राहते. तेव्हा आधी शिंगांची टोके, वशिंड आणि खुरांच्या कडा बारीक पॉलिशपेपरने झिजवा. मग बाभळीच्या सालीचा काढा लावून वाळू द्या आणि त्यावर व्हिनेगरमध्ये काही दिवस लोखंडी खिळे भिजवून गाळलेले पाणी फिरवा. सालीतील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने राखट-काळी छटा लाकडाच्या तंतूंत उतरते. उंचवट्यांवर ती पुन्हा हलकेच घासा आणि शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाची चिंधी पसरूनच वाळवा. चुरगाळून टाकलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, आणि जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात हा धोका अधिकच.

ही फसवणूक नाही का, अशी शंका कुणी घेईल. स्वतःच्या घरात ठेवण्यात फसवणूक नाही. जुना म्हणून विकलात तर नक्कीच आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशी कोरीव वस्तू किमान शंभर वर्षे जुनी असेल तरच पुरावस्तू ठरते. म्हणून बैलाच्या पोटाखाली तो घडवल्याचे साल अवश्य कोरून घ्या.