उंच हिममेघ आणि ओझोन

वैशाखात दुपारी वळवाचा ढग चढू लागला, म्हणजे त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीप्रमाणे पसरतो, हे शेतकरी बंधूंनी पाहिलेच असेल. सर ओसरली तरी माथ्याचा पिंजलेल्या कापसासारखा भाग बराच वेळ आकाशात राहतो. यास तंतुमेघ म्हणतात. त्यात पाण्याचे थेंब नसून बर्फाचे बारीक स्फटिक असतात. त्यापासून पाऊस मिळत नाही, म्हणून तो निरुपयोगी मानला जातो. हा समज बरोबर नाही.

उष्ण कटिबंधात सुमारे १६ ते १८ किलोमीटर उंचीवर स्थितांबराचा प्रारंभ होतो. त्या सीमेवर तपमान उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. वर जाणाऱ्या हवेतील बाष्प येथे गोठते, स्फटिक खाली उतरतात आणि दहा लाख भागांत बाष्पाचे जेमतेम ३-४ भाग उरतात. या कोरडेपणावरूनच ब्रूअर या शास्त्रज्ञाने १९४९ साली ताडले की, स्थितांबरात हवा शिरते ती उष्ण कटिबंधातून.

हा कोरडेपणा ओझोनच्या हिताचा आहे. कारण बाष्पापासून तेथे निर्माण होणारे घटक ओझोनचा नाश करतात. आणि ओझोन विरळ झाला, तर सूर्याचे घातक अतिनील किरण माणसे, जनावरे व पिके यांपर्यंत पोहोचतात.

येथे एक शंका कोणीही काढील. अंटार्क्टिकावर ओझोनच्या थरास पडणारे विवर १९८५ साली जगापुढे आले, व त्यास थंडीतील ढगच साहाय्य करतात असे पुढे आढळले. मग आपल्या डोक्यावर हवा तितकीच थंड असता तसे का होत नाही? उत्तर असे की, ढगातील कण क्लोरीन मोकळा करतात, पण मुळात तो तेथे असावा लागतो. आपल्याकडून नुकत्याच वर गेलेल्या हवेत तो शीतकपाटातील जुन्या वायूंच्या रेणूंत बंदिस्तच असतो. अधिक उंचीवर प्रखर किरणांनी ते रेणू फुटतात, आणि ती हवा ध्रुवाकडे पोहोचण्यास काही वर्षे लागतात. म्हणजे दार आपले, हानी दुसऱ्याच्या अंगणात!

शेतीशी याचा सरळ संबंध मिथिल ब्रोमाइडमुळे येतो. धान्याच्या धुरीसाठी वापरले जाणारे हे औषध ब्रोमीन वर नेते, व ब्रोमीन क्लोरीनहून कितीतरी पटींनी मारक आहे. मॉन्ट्रियल करारान्वये विकसनशील देशांत २०१५ पासून त्याचा सर्वसाधारण वापर थांबविण्याचे ठरले. सवलत मुख्यत्वे आयात-निर्यातीच्या मालापुरती आहे. हे औषध माणसासही प्राणघातक आहे. ग्रामसेवकांनी घरगुती साठ्यास ही धुरी देऊ देऊ नये. धान्य कडक उन्हात वाळवून, निवल्यावर कोरड्या कणगीत भरण्यास सांगावे.