रोलर फिरवलेल्या डोक्यावर

अंघोळ आटपून स्टुलावरून उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. नळ हाताशी होता म्हणून पडलो नाही. छातीत धडधडत होतं, बोटातली अंगठी दोन दिवसांपासून रुतत होती. बायकोने बीपी घेतलं, ९०/५८. "कुठलं औषध चालू आहे का?" डॉक्टरांच्या या प्रश्नाला मी ठाम "नाही" म्हणालो. डोक्याला लावायची बाटली माझ्या लेखी औषधात मोडतच नव्हती.

त्या बाटलीवर ठळक 'नॅनो' आणि मागे बारीक अक्षरांत मिनॉक्सिडिल ५ टक्के. हे मुळात रक्तदाब उतरवायचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते डोक्याला लावून पाहिलं गेलं. अमेरिकेत १९८८ साली टकलासाठी त्याला मान्यता मिळाली.

कातडीचा सर्वांत वरचा थर कागदाहून पातळ, पण औषध अडवतो तोच. म्हणून औषध भरलेले काहीशे नॅनोमीटरचे कण केसाच्या छिद्रात उतरवायचे. ते तिथे साठून राहतात आणि औषध मुळाशी हळूहळू सुटतं. ते मुळाशी राहावं, रक्तात कमी जावं, हाच त्यामागचा हेतू. ही कल्पना मला आजही पटते. मी मात्र रोज रात्री सुयांचा रोलर फिरवायचो आणि कातडी लालबुंद झाली की लगेच वर तीन ड्रॉपर ओतायचो. एका वेळची मात्रा १ मिली. मी तिप्पट लावत होतो, तीही भोकं पाडलेल्या कातडीवर.

हे सगळं झालं घाबरल्यामुळे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जुने केस जास्तच गळतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उशीवर पुंजके दिसले आणि मी मात्रा वाढवली. गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात, तोवर कळ काढा. रोलर फिरवल्यावर त्याच रात्री औषध लावू नका. बीपीची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाटलीत फिनॅस्टराइड हे केसगळतीवरचं दुसरं औषध असेल तर घरातल्या गरोदर बाईचा हात बाटलीला लागू देऊ नका. पोटातल्या मुलग्याला धोका असतो. आणि चक्कर, धडधड, सूज यांतलं काहीही जाणवलं तर डोकं धुवा, औषध थांबवा आणि डॉक्टरांकडे जाताना बाटली बरोबर न्या. माझी बाटली दुसऱ्या खेपेला टेबलावर आली, तेव्हा कुठे निदान झालं.