एल निनोच्या बातमीवर बाग ठरवावी का?

प्रश्न : अंबड तालुक्यात आमची शेती आहे. आजोबा म्हणायचे, त्यांच्या तरुणपणी पाऊस भरवशाचा होता. आता एल निनोच्या बातम्या ऐकून मोसंबीची नवी लागवड करायची हिंमत होत नाही. काय करावं?

उत्तर : आजोबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. देशभराचा विचार केला तर 1931 ते 1960 हा काळ पावसाला बरा होता, पुढच्या तीस वर्षांत 1965, 1972, 1987 असे दुष्काळ पडले. असे दशकांचे चढउतार आधीपासूनच आहेत. सगळंच हवामानबदलाच्या माथी मारू नये.

एल निनोत, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापलं की, आपला पाऊस घटण्याची शक्यता वाढते. 2015 साली तसं झालं. पण 1997 चा एल निनो जबरदस्त असूनही देशात पाऊस सरासरीइतका पडला. उलट 2012 मध्ये एल निनो जाहीर झालेला नव्हता, तरी तुमच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी झाडं तोडून सरपणाला लावली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या भागात पावसाचे चार-दोन फेरे चुकले तरी हंगाम जातो.

मोसंबीला फळ धरायलाच चार-पाच वर्षं लागतात. तेवढ्यात एखादं कोरडं वर्ष येणारच, 2014-15 सारखी जोडीही येऊ शकते. म्हणून लागवड चांगल्या वर्षाच्या नव्हे, वाईट वर्षाच्या मे महिन्यात विहिरीला किती पाणी उरतं त्यावर ठरवा. तुमच्याच जिल्ह्यातल्या कडवंची गावच्या शेतकऱ्यांनीही आधी पाणलोटाची कामं आणि शेततळी केली, मग द्राक्षं वाढवली.