सड्यावर पाणी नाही, मग गवे पितात काय?

प्रश्न : आमचं घर मालवण तालुक्यात, सड्याच्या पायथ्याशी आहे. मार्च लागला की वरचा कातळ तापतो, गवत करपतं, डबकं सोडाच, बोटभर ओलही दिसत नाही. तरी सकाळी गव्यांचे खूर उमटलेले असतात, डुकरांनी जमीन उकरलेली असते, रात्री कोल्ह्यांची कुई चालूच असते. ही जनावरं पाणी पितात कुठे? जुनी माणसं सांगतात, जनावराला कोसावरून पाण्याचा वास येतो. किनाऱ्यावरचे कोल्हे खारं पाणी पितात, असंही ऐकलं. हे खरं का? आणि सड्यावर टाकी बांधून पाणी भरून ठेवलं, तर पुण्य लागेल की नसता उपद्व्याप होईल?
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : पत्र एक, पण प्रश्न चार. पाणी असतं कुठे, जनावराला ते कळतं कसं, खारं पाणी चालतं का आणि आपण मध्ये पडावं का. याच क्रमाने जाऊ. पहिला सुटला की पुढचे निम्मे आपोआप सुटतात.

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आंबोलीत तर ७,०००च्या घरात. अशा जागेला कोणी वाळवंट म्हणणार नाही, पण एप्रिलच्या दुपारी सड्यावर उभा केलेला माणूस म्हणेल. कारण हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो आणि सड्याचा जांभा तो धरून ठेवत नाही. जांभ्याला भोकंच भोकं. चाळणीत ओतावं तसं पाणी त्यातून खाली उतरतं. खाली मात्र चिकणमातीचा थर लागतो. त्यातून ते सहजी झिरपत नाही. मग ते आडवं सरकत जातं आणि सड्याची कड जिथे तुटते तिथे बाहेर येतं. कुठे धड झरा होतो, कुठे व्हाळात कोंड साचते, कुठे नुसता शेवाळलेला दगड ठिबकत राहतो. पावसाळ्यात माथ्यावर पडलेलं पाणी असं उन्हाळ्यात पायथ्याशी निघतं.

म्हणून माथ्यावर पाणी शोधत आपण हिंडतो, जनावर हिंडत नाही. ते वर चरतं, झुडपात विसावतं आणि प्यायला कडेला उतरतं. तुमच्या ज्या पूर्वजाने घरासाठी पायथ्याची जागा निवडली, त्याने आणि त्या गव्याने हिशेब एकच केला होता. झरा, झऱ्यावरून काढलेला पाट, पाटावर पोफळीची बाग, खाली वायंगणी भात, हे सगळं उन्हाळ्यात ओल टिकते त्याच पट्ट्यात बसलेलं आहे. डुक्कर बागेत शिरतं ते नुसतं कंद उकरायला नव्हे. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे अंग गार ठेवायला चिखल लागतो आणि भर मे महिन्यात तो तुमच्या शिंपण्याच्या कृपेने बागेतच मिळतो. त्यात माणसाने बांधलेलं पाणीही धरा. तुमच्याच तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० सालचा आहे. २०२० मध्ये त्याची नोंद जागतिक वारसा सिंचन स्थळांत झाली. इतका काळ एका जागी असलेलं पाणी जनावरांच्या किती पिढ्यांच्या अंगवळणी पडलं असेल!

आता वासाचं. जुन्या माणसांचं म्हणणं निम्मं खरं आहे. शुद्ध पाण्याला वास नसतो, त्यामुळे पाण्याचा असा वास कुणालाच येत नाही. वास येतो तो ओल्या मातीचा, शेवाळाचा, कुजक्या पानांचा. ओलसर मातीतले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास सुटतो, त्यात याचा मोठा वाटा असतो. एक लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी माणसाला ते जाणवतं. आपल्यासारख्या नाकाने मठ्ठ प्राण्याची ही कथा, तर बाकीच्यांचं काय विचारता! आफ्रिकी हत्तीत वास ओळखणारी सुमारे २,००० जनुकं सापडली आहेत, माणसाच्या जवळजवळ पाचपट.

पण वास वाऱ्यावर चालतो. दुपारी आपल्याकडे समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहू लागतात. म्हणजे दुपारी झऱ्याच्या पूर्वेला असलेल्या जनावराला त्याचा वास लागला, तरी पश्चिमेला असलेल्याला लागणार नाही, आणि रात्री नेमकं उलट. तहान वाऱ्याच्या सोयीने लागत नाही. तेव्हा कोसभराची खात्री नाकाच्या भरवशावर कोणी देऊ नये. जवळ आल्यावर नेमकी जागा दाखवायला नाक उपयोगी पडतं; तिथवर जनावराला आणते ती आठवण.

ही आठवण जमिनीवर उमटलेली असते. उन्हं चढण्याआधी सड्यावरची जनावरांची एखादी वाट धरून चाला. वर ती एवढी पुसट असते की गवताचा भांग वाटावा. थोडं पुढे दुसरी वाट तिला येऊन मिळते, मग तिसरी. वाटा ज्या बाजूला एकमेकींत मिसळत जातात, त्या बाजूला पाणी. उतार लागला की वाट रुंद होते, लेंड्या आणि शेण वाढतं, आणि शेवटी चिखलात सगळी हजेरी लागलेली दिसते. गव्याचा खूर मोठा, गोलसर, खोल रुतलेला. डुकराचा त्याहून लहान आणि त्याच्या मागे मऊ चिखलात दोन जादा ठिपके. कोल्ह्याच्या पावलापुढे नखांच्या टोकांच्या खुणा असतात. बिबट्या नखं आत ओढून चालतो, म्हणून त्याच्या ठशात त्या सहसा नसतात. एवढी सगळी मंडळी रोज वास हुंगत, चाचपडत येत असती, तर वाट पडलीच नसती.

वाट शिकवली जाते. कळपामागून चालणारं वासरू पहिल्याच उन्हाळ्यात पाणवठे पाहून घेतं. टांझानियातल्या तारांगिरे राष्ट्रीय उद्यानात १९९३ साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा हत्तींचे काही कळप उद्यान सोडून बाहेर गेले आणि त्यांची पिल्लं अधिक वाचली. या कळपांच्या म्होरक्या वयस्कर हत्तिणी होत्या. तीसेक वर्षांपूर्वीचा तसाच दुष्काळ त्यांनी लहानपणी काढलेला असावा, असं अभ्यासकांचं अनुमान आहे. जिथे कळप जागचा हलला नाही, तिथली म्होरकी तरुण होती. आपल्याकडे २००२च्या सुमारास कर्नाटकातून दोडामार्गात उतरलेल्या हत्तींना तिलारीचं खोरं नवीन होतं. दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी लागणारं हे जनावर धरणाच्या आणि नदीच्या काठाने राहिलं, यात नवल नाही. कोरड्या नदीची वाळू उकरून खालचं पाणी काढण्याची कलाही हत्तीला अवगत असते.

वन विभागाचाही जनावरांच्या या सवयीवर भरवसा आहे. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणी मोजण्याची जुनी प्रथा आहे. चांदणं लख्ख, पाणवठे मोजके. जनावरांच्या मागे रान तुडवण्याऐवजी पाण्याशी गप्प बसलं की जनावर स्वतःहून येतं.

इथे आणखी एक गैरसमज निघतो. पाणी मिळवायचं म्हणजे तोंड लावून प्यायलाच हवं, असं नाही. कोकणातली रानफळं पिकतात केव्हा बघा. काजूची बोंडं, करवंदं, रातांबे, फणस, जांभळं, सगळी ऐन कडक उन्हात. काजूच्या बोंडात शंभरातले पंच्याऐंशी भाग तर पाणीच असतं. माकडं, कांडेचोर, वटवाघळं आणि कोल्हेसुद्धा या दिवसांत बरीचशी तहान खाऊन भागवतात. माकडांनी शहाळी फोडल्याची तक्रार तुमच्याही घरी असेलच. बिबट्याला शिकारीच्या मांसातून भरपूर पाणी मिळतं, तरी सोय असेल तर तो पितोच. गव्याला मात्र सुक्या चाऱ्यावर असं भागवता येत नाही. त्याला उन्हाळ्यात पाण्याच्या जवळपासच राहावं लागतं.

घाट चढून देशावर गेलं की हा हिशेब आणखी काटेकोर होतो. बारामतीजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकारा हरणं पाल्यातल्या ओलाव्यावर आणि दवावर कित्येक दिवस काढतात. त्याच माळांवरची पखुर्डी मात्र सुकं बी टिपते, त्यामुळे तिला रोज पाणी लागतं. सकाळी थवाच्या थवा ठरलेल्या पाणवठ्यावर उतरतो. नर पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो. या पिसांचे तंतू कोरडे असताना गुंडाळलेले असतात, भिजले की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. तेवढं पाणी घेऊन तो काही किलोमीटर उडत घरट्याच्या जागी येतो आणि पिल्लं त्याची पिसं चोचीतून ओढून पितात. इंग्लंडमध्ये मीड-वाल्डो नावाच्या पक्षिपालकाने १८९६ साली हे लिहिलं, तेव्हा लोकांनी हसण्यावारी नेलं. १९६७ साली आफ्रिकेतल्या पखुर्ड्यांवर झालेल्या अभ्यासाने त्याचं म्हणणं खरं ठरवलं.

याउलट ज्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे त्या दोन गोष्टी खऱ्या नाहीत. उंटाच्या मदारीत पाणी नसतं, चरबी असते. आणि चातक केवळ पावसाचे थेंब झेलून जगत नाही. तो केसाळ सुरवंट खातो आणि बरंचसं पाणी त्यातूनच मिळवतो. आफ्रिकेतून तो मॉन्सूनच्या वाऱ्यांबरोबर येतो, म्हणून पावसाशी त्याचं नाव जोडलं गेलं. कवींना दोष नको. त्यांनी वेळ बरोबर टिपली होती, आहार तेवढा चुकला.

आता किनाऱ्यावरचे कोल्हे. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते मीठ लघवीवाटे बाहेर टाकायला कोल्ह्याला प्यायल्यापेक्षा जास्त पाणी खर्चावं लागेल, म्हणजे तहान वाढेल. कुरवांना हे जमतं, कारण त्यांच्या डोळ्यांच्या वर मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात आणि ते खारं पाणी नाकपुड्यांतून ठिबकतं. वायंगणी गावाच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या कासविणीच्या डोळ्यांतलं पाणीही असंच मीठ बाहेर टाकत असतं. तिला रडू आलेलं नसतं. कोल्ह्याकडे यातलं काही नाही. तो कांदळवनात येतो खेकडे आणि मासळीसाठी, आणि पितो गोडंच पाणी.

ते किनाऱ्यावर असतं का? भरपूर असतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे वाळूत मुरलेला पाऊस खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतो. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी साठलं असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर असतं, असा ढोबळ नियम आहे. एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र असलेल्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर गोड्या विहिरी लागतात त्या यामुळेच. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव पाहून पर्यटक चमत्कार म्हणतात, पण बेटावर पडलेला पाऊसच तिथे मुरून टिकतो. १६६४ साली बांधकाम सुरू करणाऱ्यांना पाण्याची जाण होती, हे मात्र खरं. ओहोटीला हेच गोडं पाणी पुळणीच्या वरच्या अंगाला काही ठिकाणी पाझरतं. कोल्ह्याला एवढं पुरतं.

विहिरीचा विषय निघालाच आहे, तर बिबट्या विहिरीत पडला की वर्तमानपत्रात ‘पाण्याच्या शोधात’ असं हमखास छापून येतं. पुष्कळदा तो कुत्र्याच्या किंवा कोंबडीच्या मागे अंधारात धावत असतो आणि कठडा नसलेली विहीर आडवी येते. तहानलेला बिबट्या व्हाळावर जातो. वीस हात खोल विहिरीत उडी मारण्याइतका तो भोळा नाही. विहिरीला कठडा बांधला, तर एक बिबट्या आणि तुमची एक रात्र दोन्ही वाचतील.

राहिली टाकी. पक्ष्यांसाठी अंगणात पसरट भांडं ठेवा, त्यात एक दगड ठेवा म्हणजे मधमाश्या बुडणार नाहीत, आणि पाणी रोज बदला. सड्यावरच्या मोठ्या टाकीला मात्र मी नको म्हणेन. उभ्या भिंतींच्या टाकीत साप, सरडे, पिल्लं पडून मरतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे जनावरं तिच्या सवयीची होतात आणि एखाद्या एप्रिलमध्ये टँकर आला नाही की त्यांना शिकवलेली वाट कोरड्या टाकीशी येऊन संपते. हात चालवायचेच असतील, तर पायथ्याच्या झऱ्याच्या तोंडावरचा गाळ आणि प्लास्टिक काढा. नोव्हेंबर-डिसेंबरात व्हाळाला धार असते तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घाला. ग्रामपंचायतीला कळवलंत तर पोती आणि माणसं दोन्ही मिळण्याचा संभव आहे. बंधारा घरापासून आणि गोठ्यापासून जरा लांब, वरच्या अंगाला घाला. गवे रात्री येतील आणि पिऊन परत जातील. बॅटरी घेऊन बघायला तेवढं जाऊ नका.