नदीकाठचा गारवा

जपानमधील क्योटो हे प्राचीन शहर तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. उन्हाळ्यात तेथे वारा अडतो व उकाड्याने जीव कासावीस होतो. अशा वेळी नगरवासी कामो नदीचा आश्रय घेतात. मे महिन्यात नदीकाठची उपाहारगृहे काठाने वाहणाऱ्या प्रवाहावर लाकडी मचाणे उभारतात. सायंकाळी दिवे लागले, की लोक तेथे बसून भोजनाचा व पेयांचा आस्वाद घेतात. पाण्याची वाफ होताना भोवतालची उष्णता शोषली जाते. म्हणून तेथील हवा शीतल भासते. या प्रथेस 'नोर्यो', म्हणजे 'गारवा घेणे', असे म्हणतात. १९३५ च्या महापुराने ही मचाणे उद्ध्वस्त केली. तरीही लोकांनी ती पुन्हा उभारली. नदीचा कोप त्यांनी सोसला. परंतु तिची संगत सोडली नाही.