लागणीची नोंद मोबाईलवर : फोटो कुठे जातो, ओळ कुठे बसते



पूर्वी आमचा शेतकी मदतनीस बांधावर येऊन लागण वहीत टिपून घेई. खाडाखोड झाली तरी त्याला तुमचं शेत ठाऊक असे. आता नोंद मोबाईलवरच्या फॉर्मातून येते, आणि संगणकाला शेत ठाऊक नाही. तुम्ही लिहाल तेवढंच ठाऊक. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवरून लागतो. नोंद चुकली की पाळी चुकते, आणि पाळी चुकलेला ऊस फडात उभ्याउभ्या वाळतो. म्हणून फॉर्मच्या आत काय घडते ते समजून घेऊ.

फॉर्म पाठवला की त्याच्या दोन वाटा होतात. अक्षरे व आकडे डेटाबेसमध्ये जातात. डेटाबेस म्हणजे आखलेले रजिस्टरच : एका प्लॉटला एक ओळ, आणि गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, तारीख यांना आपापला रकाना. सातबाऱ्याचा फोटो मात्र सहसा वेगळ्या कपाटात ठेवतात व रजिस्टरात त्याचा पत्ता तेवढा लिहितात. कपाटात ठेवताना फोटोला नवे नाव द्यावे लागते. नाहीतर शंभर जणांनी 'सातबारा' याच नावाने फोटो पाठवले तर शेवटचा तेवढा उरेल!

आजकालच्या मोबाईलचा फोटो ३-४ एमबीचा सहज असतो, आणि पुष्कळ फॉर्मांची मर्यादा २ एमबीची. त्यात मळ्यात रेंज नाही. चाक गोल फिरत राहतं, माणूस वैतागून पुन्हा पुन्हा बटण दाबतो, आणि एकाच प्लॉटच्या तीन ओळी होतात. सभासद क्रमांक, गट नंबर व तारीख जुळली की दुसरी ओळ नाकारायची, असा नियम संगणकाला घालून देता येतो. पण गट एकदा १२३/२ आणि एकदा १२३-२ असा लिहिला, तर त्याला ते दोन गट वाटतात. सातबाऱ्यावर छापलाय तस्साच लिहावा.

सगळ्यात जास्त घोळ क्षेत्राचा. आपण बोलतो एकर-गुंठ्यात, सातबारा आहे हेक्टर-आरमध्ये. एक एकर वीस गुंठे म्हणून कोणी १.२० लिहितो. रकाना एकराचा असेल तर संगणक ते ४८ गुंठे धरतो, म्हणजे १२ गुंठे ऊस कागदावरून गेला. रकाना हेक्टरचा असेल तर तेच जवळजवळ ३ एकर होतात. खरे उत्तर ०.६१ हेक्टर. गुणाकार करत बसू नका, सातबाऱ्यावरून उतरवून घ्या. गटातल्या थोड्याच भागात ऊस असेल तर तेवढेच आर लिहायचे.

तारखेचेही तसेच. काही फोनांत महिना आधी येतो. ५/८ चे ८ मे झाले तर ते ध्यानात येते, कारण मे महिना लागणीच्या कुठल्याच हंगामात बसत नाही. पण ८/७ चे ७ ऑगस्ट झाले तर दोन्ही आडसालीच. कोणाला शंका येत नाही आणि पाळी ३० दिवस मागे जाते. महिना अक्षरात दिसतोय का ते पाहूनच पुढे जा.

पिकाचा फोटो शेतात उभे राहून, फोनचे लोकेशन चालू ठेवून काढावा. पुतण्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो धाडून फॉर्म भरून घ्यायची रीत पडली आहे. व्हॉट्सअ‍ॅप फोटो बारीक करते आणि त्यात दडलेली जागेची खूण काढून टाकते. ऊस दिसतो, कुणाचा ते कळत नाही. धाडायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून धाडा.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली शासनाची ई-पीक पाहणी वेगळी. ती नोंद सातबाऱ्यावर जाते, कारखान्याच्या रजिस्टरात नव्हे. दोन्ही करायच्या.

पासबुकावरून आयएफएससी लिहिताना पाचवे अक्षर नेहमी शून्य असते, 'ओ' नव्हे, हे लक्षात असू द्या; बिल त्याच पत्त्यावर जाते.

ओळ आणि फोटो दोन्ही पोचले तरच पोच क्रमांक द्यावा, अशी व्यवस्था असते. क्रमांक आला नाही तर नोंद झाली असे धरू नये. ज्यांच्याकडे तसला मोबाईल नाही त्यांनी सातबारा व पासबुक घेऊन गट ऑफिसला यावे, मदतनीस भरून देईल. मात्र बटण दाबण्याआधी क्षेत्र आणि तारीख त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावी.